शुश्रूषेतील माऱ्याच्या जागा

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. ऐकायचे कुणाचे, तर जो आज्ञा करतो त्याचे. म्हणून सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. मनुस्मृतीने शूद्रासाठी जे एकमेव कर्म नेमून दिले ते याच शब्दाने: वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न आणता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. शब्द मात्र राहिला, आणि आज परिचर्या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांतून तो सन्मानाने मिरवतो आहे. शब्दाशी माझे भांडण नाही. आजाऱ्याचे अंग पुसणे, लेकराला भरवणे, म्हाताऱ्याला हात धरून उठवणे ही माणसाने माणसासाठी करायची कामे आहेत, आणि ती करणाऱ्याला कमी लेखणे हाच मनूचा खरा विजय. माझा प्रश्न एवढाच की या क्षेत्रात ऐकणारे कोण आणि सांगणारे कोण, ही वाटणी अजून इतकी जुन्या वळणाची का राहिली आहे?

मी शहागडला राहते. गोदावरीच्या डाव्या काठावरचे, हमरस्त्यावरचे हे गाव. तालुका अंबड, जिल्हा जालना, आणि पूल ओलांडला की बीड जिल्हा. घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातून बाहेर पडून 'कामाला लागलेल्या' वस्तीतल्या मुलींचा हिशेब मांडला तर फार थोड्या शिक्षिका झाल्या, एखादी तलाठी, आणि बाकी बहुतेक कुणाची तरी काळजी वाहण्याच्या कामात आहेत. कुणी आशा, कुणी अंगणवाडीत मदतनीस, कुणी खाजगी दवाखान्यात 'सिस्टर' म्हणवून घेणारी बिनपगारी शिकाऊ, कुणी पुण्या-मुंबईत म्हाताऱ्यांच्या घरी चोवीस तासांची बाई. कामाला माणसे आमची आहेत. ती कामे कुणी, कुठे, कशी करायची हे ठरवणाऱ्या खुर्चीत आमची बाई शोधावी लागते. बाबासाहेबांनी सत्तेच्या यंत्रणेतल्या ज्या मोक्याच्या पदांना माऱ्याच्या जागा म्हटले, त्यांचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर येतो, फौजदार येतो, न्यायाधीश येतो. मॅट्रन येत नाही. अंगणवाडीची पर्यवेक्षिका तर मुळीच येत नाही. चळवळीच्या या विसरण्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. काळजीचे काम आमच्याकडे आले ते विटाळामुळे. माझी आजी गावची सुईण होती. बाळंतपण म्हणजे विटाळ, नाळ कापणे म्हणजे विटाळ, वार पुरणे म्हणजे विटाळ; म्हणून ते काम मांग-महाराच्या बाईचे. पाटलाच्या घरातले मूल पहिल्यांदा तिच्या हातात यायचे आणि तिच्या हातातून काढून घेतल्यावर न्हाऊ घालून शुद्ध केले जायचे. मोबदला पायलीभर जोंधळे आणि जुने लुगडे. तिला वेण्यांचे जे ज्ञान होते, आडव्या मुलाला पोटावरून चोळून वळवण्याचे जे कसब होते, त्याला कुणी विद्या म्हटले नाही. रुग्णालये आली तेव्हा ही उतरंड बाहेर राहील असे वाटले होते. पण अंगाला हात लावणे, घाण काढणे, चादरी बदलणे हे खालचे, आणि नोंद करणे, वाटणी करणे, तपासणे हे वरचे, अशी विभागणी रुग्णालयातही झाली, आणि कोण कोणत्या बाजूला उभे राहणार हे जात पुष्कळदा आधीच ठरवून टाकते.

कुणी म्हणेल, काम होते आहे ना, मग सही कुणाची याने काय बिघडते? बिघडते ते सांगते. अंगणवाड्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, एक आदेश दिला. नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुले आहेत तिने मागितली तर अंगणवाडी द्यावी, असा तो आहे. आदेश दिल्लीत झाला. पण वस्तीत मुले किती हे मोजून वर पाठवणारी नोंद गावपातळीवर तयार होते आणि पर्यवेक्षिकेच्या तपासणीतून पुढे जाते. तिला वस्ती दिसलीच नाही, किंवा ती गावातल्या मारुतीच्या पारापर्यंतच आली, तर चाळीस मुलांची वीस होतात. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्या घरांतली लेकरे हजेरीपटावर ठेवायची, त्यांचा आहार कारखान्याच्या तळावर पोहोचवण्यासाठी पत्र लिहायचे, की 'स्थलांतरित' असा शेरा मारून मोकळे व्हायचे, हेही कुणाच्या तरी लेखणीवर अवलंबून असते.

पुलापलीकडच्या बीड जिल्ह्यातील प्रकरण अनेकांना आठवत असेल. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाने पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. या बायका कोणत्या जातींच्या, हे निराळे सांगायला नको. तीस-पस्तीस वर्षांच्या बाईला 'पिशवी काढून टाक, पाळीची कटकट जाईल' असे सांगणारा डॉक्टर आणि ती बाई यांच्यामध्ये उपकेंद्रातल्या नर्सबाईपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केवढी यंत्रणा उभी होती. तिच्यातल्या खालच्या बायकांना हे दिसत नव्हते असे मला वाटत नाही. दिसले तरी ज्या जागेवरून बोलले म्हणजे ऐकावे लागते, त्या जागेवर त्या नव्हत्या.

आता या जागा मिळतात कशा, याकडे वळू. चांगले काम केले की माणूस वर जातो, ही समजूत पहिल्यांदा टाकून दिली पाहिजे. या क्षेत्रात वर जाणे बरेचसे आपण कोणत्या दाराने आत शिरलो त्यावर ठरते. काही दारांमागे जिना असतो, काहींमागे नुसती भिंत.

दोन दारांची ही रचना आपल्याकडचीच नव्हे. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये परिचारिकांची शाळा सुरू झाली. थोड्याच वर्षांत तेथे दोन तऱ्हेच्या विद्यार्थिनी आल्या: पोटासाठी आलेल्या साध्या घरच्या, आणि स्वतःचा खर्च भरणाऱ्या घरंदाज. अधीक्षिका म्हणून बाहेर पाठवायच्या त्या प्रामुख्याने दुसऱ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला नर्सेस अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरून काळ्या मुली बोलावण्यात आल्या. तेथे तीन वर्षांचे शिक्षण घेऊन 'रजिस्टर्ड' नर्स होता येई आणि दोन वर्षांचे घेऊन 'एनरोल्ड'. यातल्या कितीतरी मुलींना, त्यांची पात्रता असतानाही, फरक न सांगता दोन वर्षांच्या वाटेला लावले गेले. काम जवळपास तेच. पण एनरोल्ड नर्सला वॉर्डची प्रमुख होण्याचा रस्ता जवळजवळ बंद, आणि मायदेशी परतल्यावर त्या प्रमाणपत्राला किंमतही नसे. फसवणूक एका फॉर्मवरच्या खुणेत झाली होती. कळायला वीस वर्षे लागली.

आमच्याकडे ए.एन.एम.चे दार हे असेच आहे. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून लागण्याचा तो मार्ग. त्याची गरज आहे, आणि त्या कामाइतके कठीण काम क्वचितच दुसरे असेल: पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपणे, रात्री-अपरात्रीची हाक. पण तिच्यापुढे पायरी एकच ठळक, सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहायिका होण्याची. नियमित नोकरी लागली आणि ज्येष्ठता जमली तरच तीही. याउलट जी.एन.एम. तीन वर्षांचे किंवा बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे केलेली मुलगी शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागते. तेथून परिसेविका, म्हणजे लोक जिला इन्चार्ज सिस्टर म्हणतात ती. मग सहायक अधिसेविका, आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे मॅट्रन. शिकवण्याची वाट निराळी आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि एम.एस्सी. नर्सिंग केल्यावर परिचर्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिका होता येते, प्राचार्यपदासाठी एम.एस्सी.बरोबर पंधरा वर्षांचा अनुभव आणि त्यातला मोठा भाग अध्यापनाचा लागतो. म्हणजे आज अठरा वर्षांची असलेली मुलगी पंचेचाळिशीत कुठे असेल, हे बारावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत बरेचसे ठरून जाते. आणि त्या पंधरा दिवसांत तिला सल्ला कोण देते? बहुधा गावात बॅनर लावून गेलेला एखाद्या संस्थेचा दलाल.

माझी एक विद्यार्थिनी अशाच एका खाजगी संस्थेत ए.एन.एम.ला गेली. तिला बारावीला कला शाखेत चांगले गुण होते. कला शाखेच्या मुलीला जी.एन.एम.ला जाता येते, विज्ञानाला पसंती असली तरी ती सक्ती नाही आणि इंग्रजी विषय असावा लागतो, हे तिला त्या संस्थेत कुणी सांगितले नाही, त्यांच्याकडे जी.एन.एम.ची तुकडीच नव्हती. (विज्ञानातील भौतिक, रसायन, जीव हे विषय बी.एस्सी. नर्सिंगला लागतात, दोन्हींची गल्लत सर्रास होते.) शिवाय तिला बसवले व्यवस्थापनाच्या कोट्यात. तेथे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही, हे तिच्या बापाला दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कळले. ही शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. ती हातात असून ऐंशी वर्षांनंतर आमच्या माणसाने एक म्हैस विकून फी भरावी, हे केवळ माहितीच्या अभावी घडते. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्यायचा, एवढे एक वाक्य जरी कार्यकर्त्यांनी दरवर्षी जूनमध्ये वस्तीवस्तीत सांगितले तरी पुष्कळ होईल.

ज्या आधीच ए.एन.एम. झाल्या त्यांनी हात टेकायचे कारण नाही. नोंदणीकृत ए.एन.एम.ला जी.एन.एम.ला प्रवेश मिळू शकतो, जी.एन.एम.ला पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला. भिंतीला आतून पाडलेले हे दार आहे. अरुंद, वर्षे खाणारे, पण आहे. उशीर मात्र महाग पडतो. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. महाराष्ट्रात त्यावर बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर आणि काही बी.एस्सी. नर्सिंग झालेले आले. ज्या आरोग्यसेविकेने अकरा वर्षे त्या उपकेंद्रात बाळंतपणे केली, तिच्या टेबलाच्या वरच्या बाजूला एके दिवशी पंचवीस वर्षांचा पदवीधर येऊन बसला. त्याचा दोष नाही. पण त्या अकरा वर्षांचे वजन नियमात कुठेच धरलेले नव्हते.

अंगणवाडीची शिडी वेगळी आहे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातली पहिली ठिकाणे धारणी आणि धारावी, म्हणजे एक कोरकू आदिवासींचे, दुसरे शहरातल्या कष्टकऱ्यांचे. आज राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत आणि साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असा हिशेब आहे. माझी आई मदतनीस होती. चौथी शिकलेली. पोरांना घरोघरी जाऊन गोळा करणे, पाणी भरणे, खिचडी शिजवणे, झाडणे हे तिचे काम. सुरुवातीची काही वर्षे गावातल्या दोन आळ्यांतली मुले तिने शिजवलेले खात नसत, घरून डबा आणत. मग हळूहळू खाऊ लागली. याला सामाजिक परिवर्तन म्हणायचे तर ते तिने चुलीपुढे बसून केले, आणि निवृत्त झाली तेव्हाही ती मदतनीसच होती. शिक्षणाची अट तिच्यापुढे भिंतीसारखी उभी होती आणि तिला ती ओलांडता येईल असे कुणाला, घरात आम्हालाही, सुचले नव्हते.

आज परिस्थिती बदलली आहे ती अशी. पूर्वीच्या केंद्रीय सूचनांप्रमाणे पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा दहा वर्षे अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या होत्या. २०२२ च्या पोषण २.० च्या मार्गदर्शक सूचनांनी ती मुदत पाच वर्षांवर आणली, आणि सेविकांच्या निम्म्या जागाही पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून भराव्यात असे म्हटले. अर्थात 'इतर पात्रता पूर्ण होत असल्यास'. सगळी मेख त्या पाच शब्दांत आहे. महाराष्ट्राने २ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने सेविका आणि मदतनीस दोन्हींसाठी बारावी ही किमान अट केली. जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत पर्यवेक्षिकेसाठी पदवी मागितली गेली, आणि समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण, समाजकार्य या विषयांचा खास उल्लेख होता. याचा अर्थ असा की आज तिशीत असलेली, बारावी झालेली सेविका जर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, काम सांभाळून, पदवी घेईल तर ती त्या निम्म्या जागांच्या रांगेत उभी राहू शकते. घेणार नसेल तर तिच्या गावात पर्यवेक्षिका म्हणून येणारी मुलगी तिच्या लेकीच्या वयाची असेल, आणि शहरातून येईल. त्याच्यावरचे बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याचे पद राजपत्रित. तेथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या मुला-मुलींनी पोहोचायला हवे. ते सगळे उपजिल्हाधिकाऱ्याच्या पदाकडे डोळे लावून बसतात आणि हे पद मिळाले तर 'फक्त महिला बालकल्याण' म्हणून नाराज होतात. मला या नाराजीची चीड येते.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सेविका ही शासनाची कर्मचारी मानली जात नाही, ती मानधनावरची. अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तेच म्हटले. एप्रिल २०२२ मध्ये मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचे मान्य केले, हा मोठा बदल. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा राज्यभर त्यांचा संप झाला. मागणी मानधनाची आणि दर्जाची होती. आशांचे तर त्याहून अवघड: महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार आशा आणि साडेतीन हजारांवर गटप्रवर्तक. वीसजणींमागे एक जागा, तीही कंत्राटी, आणि तिला पदवी हवी. जिथे नियमित पद नाही तिथे सेवाज्येष्ठता यादी नाही, जिथे यादी नाही तिथे बिंदुनामावली नाही, आणि जिथे बिंदुनामावली नाही तिथे आरक्षण हा शब्द कागदावरही उमटत नाही. कंत्राटीकरणाविरुद्धची लढाई ही आरक्षणाचीच लढाई आहे, ती अशी.

नियमित पदांबद्दलही भाबडे राहून चालणार नाही. मंडल प्रकरणाच्या १९९२ च्या निकालाने पदोन्नतीतले आरक्षण थांबवले. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने ते अनुसूचित जाती-जमातींसाठी पुन्हा शक्य केले. महाराष्ट्राचा २००१ चा आरक्षण कायदा २००४ मध्ये लागू झाला, आणि २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के जागा राखल्या. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने राखीव बिंदूंच्या जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरवले. परिसेविका आणि अधिसेविका ही पदोन्नतीची पदे असल्याने या साऱ्याचा फटका आमच्या नर्सेसना थेट बसला. तेव्हा सरळसेवेने, आणि लवकर, वरच्या पायरीवर शिरणे याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

येथे मिशनच्या रुग्णालयांचा विषय निघतो. महाराष्ट्रात स्पृश्य घरांतल्या बायका नर्सिंगकडे फिरकत नव्हत्या, रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांना त्या वाटेला लावणे हेसुद्धा धाडस ठरले, त्या काळात मिशनने अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्या मुलींच्या हाती थर्मामीटर दिला. जालन्याजवळचे बेथेल हे नारायण शेषाद्रींनी वसवलेले गाव. मांग-महारांतून ख्रिस्ती झालेल्यांची ती वसाहत. नर्सिंगचा पेशा आमच्यात प्रथम आला तो अशा घरांतून. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. शीखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला, ख्रिश्चनांना नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. ज्यांच्या आज्यांनी हा पेशा आमच्यासाठी उघडला त्यांच्या नातींना अधिसेविकेच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येत नाही. आपल्या बौद्ध कार्यकर्त्यांनी यावर गप्प राहणे मला पटत नाही.

आणि चळवळीची ती विसरण्याची गोष्ट. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. बाळंतिणीची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे हे त्यांनी मांडले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणले, आणि त्यातच त्या गेल्या. आपण हे दोन्ही प्रसंग त्यागाचे म्हणून सांगतो. ते कारभाराचेही होते: एकाने कायदा घडवला, दुसरीने दवाखाना चालवला. आमच्या परिषदांच्या ठरावांत मात्र नर्सेसची बिंदुनामावली कधी येत नाही. परिषदेत जेवण कुणी रांधायचे ते ठरलेले असते.

काळ्या अमेरिकन परिचारिकांनी १९०८ मध्ये स्वतःची संघटना काढली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना ठरावीक मोजक्या संख्येपलीकडे घेतले नाही. सरकारने परिचारिकांच्या सक्तीच्या भरतीची भाषा काढली, तेव्हा मेबल स्टॉपर्स या त्यांच्या नेत्रीने विचारले की हजारो शिकलेल्या काळ्या परिचारिका दारात उभ्या असताना तुटवडा कसला? जानेवारी १९४५ मध्ये ती मर्यादा काढावी लागली. तिच्या हातात होते ते आकडे आणि चिकाटी.

आकडे आपल्यालाही मिळवता येतात, ते असे. प्रत्येक आस्थापनेत संवर्गवार सेवाज्येष्ठता यादी निघते, आधी तात्पुरती, मग अंतिम. मधल्या मुदतीत हरकत लेखी द्यायची असते. माझ्या परिचयातल्या एका अधिपरिचारिकेची रुजू होण्याची तारीख एका कार्यालयाच्या यादीत वर्षभर पुढची पडली. तिने यादी पाहिलीच नाही, आणि तिच्यानंतर लागलेल्या दोघी तिच्याआधी परिसेविका झाल्या. यादी फलकावर लागते त्या दिवशी ती रात्रपाळी करून घरी झोपलेली होती. अशा वेळी दुसऱ्या कुणीतरी, भावाने, नवऱ्याने, कार्यकर्त्याने, फलक वाचायला हवा. गोपनीय अहवालातला शेरा, चांगला असो की साधारण, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. 'साधारण' या एका शब्दाने पदोन्नती अडते, तेव्हा प्रत मागून घ्यावी आणि पटत नसेल तर मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. जात वैधता प्रमाणपत्र नोकरीची जाहिरात येण्याआधीच काढून ठेवावे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मराठवाड्यात निजामी अमलाच्या उर्दू-मोडी कागदांत, जुन्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांत सापडतो, आणि तो शोधायला महिने जातात.

बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, अधिसेविका, परिसेविका, आरोग्य सहायिका, पर्यवेक्षिका या संवर्गांत मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव बिंदू किती रिकामे, हे माहिती अधिकाराखाली विचारता येते. एका अर्जात एकाच कार्यालयाची, एकाच विषयाची माहिती मागावी, नाही तर ती नाकारायला निमित्त मिळते. उत्तराला तीस दिवस. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, दाखल्याची प्रत तेवढी जोडावी.